गायडेड बाय व्हॉइसेस : गाजलेले अल्बम बाजूला ठेवा, तुमचा लाडका कोणता ते सांगा

फीतवेडा | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, दोन आठवडे घरात दुसरं काही वाजलेलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गायडेड बाय व्हॉइसेस हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावचा बँड, १९८३पासूनचा. रॉबर्ट पोलार्ड हा त्याचा कर्ता पुरुष. बहुतेक गाणी त्याची, आवाज त्याचा, मुखपृष्ठांवरची कात्रणचित्रंही बरीचशी त्याचीच. बाकीचे वादक येत-जात राहिले. २००४ साली बँड मोडला, २०१०मध्ये पुन्हा जमला, २०१४मध्ये परत मोडला आणि २०१६मध्ये परत उभा राहिला. अल्बमांची संख्या चाळीसच्या वर गेली आहे. २०१२मध्ये तीन, २०१९मध्ये तीन, २०२०मध्ये तीन, २०२३मध्ये पुन्हा तीन. ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या), सिंगल आणि पोलार्डचे बाकीचे उद्योग यात धरलेले नाहीत.

कुठेही या बँडचा विषय निघाला की लोक दोनच नावं घेतात. 'बी थाउजंड' (१९९४) आणि 'एलियन लेन्स' (१९९५). एकावर २० गाणी, दुसऱ्यावर २८, आणि दोन्ही मिळून जेमतेम सव्वा तासाचे. दोन्ही माझ्या जिवाचे आहेत. पण त्यांच्या सावलीत इतकं काही झाकलं गेलंय की वाईट वाटतं. म्हणून इथे एकच अट, हे दोन सोडून बोला.

माझं मत 'फास्ट जॅपनीज स्पिन सायकल'ला. १९९४ची ईपी, आठ गाणी. यातलं 'माय इम्प्रेशन नाऊ' दोनेक मिनिटांचं आहे. इतकी पक्की चाल दुसऱ्या एखाद्या बँडला सुचली असती तर त्यांनी तिच्यावर अख्खा अल्बम उभा केला असता. पोलार्डने ती एका छोट्या तबकडीवर ठेवली आणि पुढच्या गाण्याला लागला. 'मार्चर्स इन ऑरेंज' आणि 'डस्टेड' ही दोन गाणी आधीच्या वर्षी 'व्हँपायर ऑन टायटस'वर येऊन गेली होती, इथे ती पुन्हा वाजवली आहेत. दोन्ही रूपं पाठोपाठ ऐका. एकाच माणसाने एकच गाणं दोन वेगवेगळ्या दिवशी कसं म्हटलं असेल ते कळतं. मला तर दुसऱ्या दिवशीचाच माणूस जास्त भावतो.

आता तुमची पाळी.

रातवा | शनिवार, रात्री १०.१५

धागा काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद, फीतवेडाभाऊ. मी या विषयावर बोलायला कोणी मिळेल ही आशा सोडली होती.

'टॉनिक्स अँड ट्विस्टेड चेसर्स', १९९६. माझ्या लेखी चर्चा इथेच संपते, तरी कारण सांगते.

हा अल्बम दुकानांसाठी काढलेलाच नव्हता. चाहत्यांच्या क्लबासाठी थोड्या प्रती छापल्या, नंतर लोकांनी मागितला म्हणून काही गाणी वाढवून सीडी आली. त्यावर जवळजवळ दोनच माणसं आहेत, पोलार्ड आणि त्याचा बँडमधला साथीदार टोबिन स्प्राउट. बँडचा हा सगळ्यात नावाजलेला संच तेव्हा विस्कटत आला होता. स्प्राउट चित्रकार आहे. त्याला स्वतःचं काम करायचं होतं, घरी वेळ द्यायचा होता. त्याच वर्षी त्याचा 'कार्निव्हल बॉय' आणि पोलार्डचा 'नॉट इन माय एअरफोर्स' हे दोघांचे स्वतंत्र अल्बमही आले. म्हणजे निघायची तयारी झालेली आहे, सामान बांधलेलं आहे, आणि दोन मित्र दाराशी उभे राहून बोलतच बसलेत. मला या अल्बमभर ते दारातलं बोलणं ऐकू येतं.

आणि 'डेटन, ओहायो : नाइंटीन समथिंग अँड फाइव्ह' हे गाणं. उन्हाळ्यातला एक दिवस, एवढाच विषय. तळणाचा वास, तापलेल्या डांबराचा वास, अंगणात जमलेली माणसं, पोरंटोरं. साल नीट आठवत नाही म्हणून 'एकोणीसशे काहीतरी पाच'. माझं लहानपण जळगावात गेलं. मे महिन्यात दुपारी रस्त्याचं डांबर मऊ व्हायचं आणि स्लिपरचा पट्टा त्यात अडकून निघून यायचा. शेजारच्या काकू कुरडया तळायला घ्यायच्या तेव्हा ते दोन्ही वास एकत्र येत. डेटनचा मला काही पत्ता नाही. पण तो वास या माणसाने दोन मिनिटांत माझ्या घरी आणून ठेवला.

'की लूझर्स'ही ऐका. रात्री, दिवे घालवून.

जुनी_तबकडी | रविवार, सकाळी ७.०५

मी गिरगावातला, वय ६४. मुलाने हा बँड ऐकवला आणि मी प्रामाणिकपणे दोन वर्षं ऐकतो आहे. तुमच्या उत्साहाला माझा विरोध नाही, पण माझं म्हणणं मांडतो.

चाली या माणसाकडे आहेत, भरपूर आहेत. पण तो त्या पुऱ्या करत नाही. मुखडा येतो, कान टवकारावेत तो गाणं संपतं. आमच्या वडिलांच्या तबकड्यांवरही तीनच मिनिटं असत. पण त्या तीन मिनिटांत मोठमोठ्या गवयांनी स्थायी, अंतरा, ताना सगळं बसवलं, कारण वेळ कमी आहे हे त्यांना ठाऊक होतं. इथे वेळ हवा तेवढा आहे आणि गाणं ४५ सेकंदांत सोडून दिलंय. वर खरखर. काही गाण्यांत तर गिटार मध्येच गायब होते आणि परत येते. ज्याला सुचतं त्याच्यावर ते नीट मांडायची जबाबदारी असते, असं मला वाटतं.

म्हणून माझं मत 'टायगरबॉम्ब' या १९९५च्या ईपीला. 'गेम ऑफ प्रिक्स' हे 'एलियन लेन्स'वर दीड मिनिटाचं आहे. इथे तेच गाणं स्टुडिओत, नीट वाजवून, श्वास घ्यायला जागा ठेवून केलं आहे. 'माय व्हॅल्युएबल हंटिंग नाइफ'चंही तसंच. हे गाणं किती चांगलं आहे ते मला तिथे पहिल्यांदा ऐकू आलं.

फीतवेडा | रविवार, सकाळी ९.३०

काका, तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

खरखर कुठून येते ते आधी सांगतो. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूच्या आणि दोन उलट्या बाजूच्या. चार ट्रॅकचं घरगुती यंत्र त्या चारही एकाच दिशेने वापरतं. एकीवर ढोल, दुसरीवर गिटार, तिसरीवर आवाज. चौथी भरली की जागा संपली. पुढे काही घालायचं असेल तर चौथी भरायच्या आतच आधीच्या तीन पट्ट्या एकत्र करून उरलेल्या एकीवर उतरवायच्या आणि त्या तीन मोकळ्या करून घ्यायच्या. असं प्रत्येक वेळी उतरवताना फितीची खरखर वाढते आणि आवाजाची धार जाते. गिटार गायब होते ते 'हार्डकोर यूएफओज'मध्ये, तो मुद्रणातला दोष होता. त्यांनी ऐकला आणि राहू दिला.

कारण असं की पोलार्ड तेव्हा शाळेत शिकवत होता आणि बाकीच्यांच्याही नोकऱ्या होत्या. संध्याकाळी कुणाच्या तरी तळघरात किंवा गॅरेजमध्ये जमायचं आणि सुचलेलं त्याच संध्याकाळी उतरवायचं. उद्यावर टाकलं तर उद्याची पाच गाणी अडतात.

'टायगरबॉम्ब' मलाही आवडते. पण दीड मिनिटाच्या 'गेम ऑफ प्रिक्स'मध्ये जी घाई आहे ती त्या गाण्याच्या माणसाची आहे. त्याला फसवलं गेलंय आणि तो ते एका दमात बोलून टाकतोय. त्याला थांबून श्वास घ्यायला लावला की बोलणं जास्त स्पष्ट होतं खरं, पण राग उतरतो.

चौथी_ब | रविवार, दुपारी १.२०

नमस्कार. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सभासदनाव बघून कळलंच असेल, चौथीचा वर्ग माझ्याकडे असतो. पोलार्डही चौथीलाच शिकवायचा, चौदा वर्षं. हे वाचलं त्या दिवसापासून हा माणूस मला परका वाटत नाही.

जुनी_तबकडी काका, जात्यावरची ओवी किती मोठी असते? जात्याचा फेरा आणि दळणारीचा श्वास जुळला, ओवी झाली. तिला कुणी अर्धवट म्हणत नाही. एक संपली की दुसरी, दळण संपेपर्यंत. पोलार्डचे अल्बम मी तसे ऐकतो. एकेक गाणं उचलून बघितलं तर लहान दिसेल, पण त्याचा हात थांबत नाही.

माझं मत 'प्रोपेलर'ला, १९९२. काही जण म्हणतील हा कमी माहितीचा नाही. पण आपल्याकडे हा पूर्ण ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, म्हणून धागाकर्त्यांनी मान्य करावा ही विनंती.

अल्बम सुरू होतो तो गर्दीच्या गजराने. लोक 'जी-बी-व्ही, जी-बी-व्ही' ही बँडच्या नावाची आद्याक्षरं ओरडताहेत, पडदा वर जातोय असं वाटतं. १९९२ साली या बँडला अशी गर्दी नव्हती. चार अल्बम स्वतःच्या पैशाने काढून झाले होते, अंगावर कर्ज होतं, घरचे वैतागले होते, आणि हा शेवटचा असं पोलार्डने मनाशी ठरवलं होतं. तो गजर त्यांनी आपसातच करून रेकॉर्ड केला. पाचशे प्रती काढल्या. छापील मुखपृष्ठ काढायचं सोडून प्रत्येक प्रतीचं मुखपृष्ठ हाताने केलं, रंगाने, कात्रणांनी, जे मिळेल त्याने. पाचशे वेगळी मुखपृष्ठं. चौथीची मुलं हस्तलिखिताचं पान करतात तसं. आज त्यातली एखादी प्रत विकायला आली तर हजारो डॉलर मोजावे लागतात.

तो शेवटचा ठरला नाही. क्लीव्हलंडच्या स्कॅट या छोट्या कंपनीपर्यंत आवाज पोचला, मग न्यूयॉर्कच्या मॅटाडोरपर्यंत, आणि १९९४च्या सुमारास मास्तरने शाळा सोडली. ३१ डिसेंबर २००४ला शिकागोच्या मेट्रोमध्ये बँडने निरोपाचा कार्यक्रम केला. साठाहून जास्त गाणी झाली. तेव्हा समोरची गर्दी तोच गजर करत होती आणि या वेळी ती खरी होती. हे मला आठवलं की 'प्रोपेलर'ची पहिली वीस सेकंदं शांतपणे ऐकवत नाहीत.

शेवटचं एक. माझ्या फोनमध्ये वर्गातल्या मुलांनी स्वतः चाल लावून म्हटलेल्या कविता आहेत. एकीत पत्र्यावर पाऊस इतका जोरात आहे की मधल्या दोन ओळी ऐकूच येत नाहीत. ती मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे.

फीतवेडा | रविवार, दुपारी १.४५

गुरुजी, 'प्रोपेलर' मान्य. असा प्रतिसाद आल्यावर नाही कसं म्हणू.

पाणकोंबडी | रविवार, रात्री ११.१०

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

'सेम प्लेस द फ्लाय गॉट स्मॅश्ड', १९९०. 'प्रोपेलर'च्या आधीचा. १९९५मध्ये जुने अल्बम एकत्र पेटीत आले तोवर हा फार थोड्यांच्या हाती लागला होता. एका दारुड्या माणसाची गोष्ट अल्बमभर चालते. तुकड्यातुकड्यांनी, मधले दुवे न जोडता. एकीकडे 'पेंड्युलम'सारखं उसळतं गाणं आहे, ऐकताना तो माणूस चारचौघांत किती लोभस असेल ते दिसतं. मग गोष्ट काळवंडत जाते. एका गाण्याच्या नावातच खुनाचा आरोप आहे.

आणि मध्ये 'ड्रिंकर्स पीस'. नुसती साधी गिटार आणि आवाज, दोनच मिनिटं. पिणाऱ्याला पिण्यात जी शांतता मिळते तिच्याविषयी. पोलार्ड तिथे उपदेश करत नाही आणि कौतुकही करत नाही. त्या माणसाच्या शेजारी बसून गातो.

माझा धाकटा मामा पीत असे. संध्याकाळी ओट्यावर बसायचा, तपकिरी शाल गुडघ्यांवर. पहिल्या तासाभरात तो जगातला सगळ्यात प्रेमळ माणूस असायचा. आम्हा भाचरांना एकेक करून बोलवायचा, अभ्यासाचं विचारायचा, खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढायचा. त्यानंतर आजी आम्हाला आत घ्यायची आणि मधलं दार लावायची. दारू वाईट हे सांगणारी पुष्कळ गाणी मी ऐकली. त्या पहिल्या तासाविषयीचं गाणं मला हे एकच सापडलं. मामाला जाऊन अकरा वर्षं झाली. तो त्या तासात तसा का असायचा हे मला या गाण्याने थोडं समजलं.

काका, मुद्रण इथेही कच्चं आहे. पण हे गाणं चकचकीत स्टुडिओत झालं असतं तर मला ते ऐकवलं नसतं, एवढंच सांगते.

रातवा | रविवार, रात्री ११.३०

पाणकोंबडीताई, आत्ता लगेच ऐकलं. काय लिहू. थँक्यू.

ओहायोतला_पाऊस | सोमवार, सकाळी ८.१५ (इथे रविवारची रात्र)

मी कोलंबसला राहतो. डेटन तासा-सव्वा तासाच्या अंतरावर. एकोणीस वर्षं इथे आहे, मराठी मंडळाच्या गणपतीला ढोलही वाजवतो, पण या बँडविषयी मराठीत लिहितोय ते आज पहिल्यांदा.

तुम्ही सगळे नव्वदच्या दशकातच घुटमळताय. स्प्राउट गेल्यानंतरचा काळ लोक उगाच कमी लेखतात. तेव्हा डग गिलार्डची गिटार आली आणि बँड खऱ्या अर्थाने वाजवायला लागला. माझं मत 'हाफ स्माइल्स ऑफ द डिकंपोज्ड'ला, २००४. हा शेवटचा अल्बम असं जाहीर करूनच काढला होता. 'गर्ल्स ऑफ वाइल्ड स्ट्रॉबेरीज' किंवा 'विंडो ऑफ माय वर्ल्ड' ऐका. काका, तुम्हाला हवी तशी पुरी झालेली, घोटून बसवलेली गाणी आहेत.

पण मी बोलणार आहे ते त्यातल्या शेवटच्या गाण्याविषयी, 'हफमन प्रेअरी फ्लाइंग फील्ड'. डेटन हे राइट बंधूंचं गाव. पहिलं उड्डाण त्यांनी १९०३मध्ये किटी हॉकला केलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते फक्त सरळ उडणं होतं, एका मिनिटाच्या आतलं. वळायचं कसं, गोल फिरून परत कसं यायचं, हे ते शिकले डेटनजवळच्या एका गायरानात, १९०४ आणि १९०५मध्ये. ते गायरान म्हणजे हफमन प्रेअरी. मालकाने जागा फुकट दिली होती, अट एवढीच की उडण्याआधी गाईगुरं बाजूला हाकायची.

मी तिथे दोनदा गेलोय. आता शेजारी हवाई दलाचा मोठा तळ आहे. कुरणात १९०५च्या शेडची प्रतिकृती आहे, साध्या फळ्यांची, आपल्याकडच्या गवताच्या खोपीएवढी, आणि विमान ढकलायला वजन सोडायचे तो लाकडी मनोरा. बाकी सगळं गवत आणि चंडोलासारखे पक्षी. माणूस नाही. मी हेडफोन लावून ते गाणं तिथे उभा राहून ऐकलं. वीस वर्षं एकाच गावात राहून, तिथल्याच मित्रांना घेऊन गाणी केलेला माणूस आपला बँड संपवतोय आणि शेवटच्या गाण्याला नाव देतोय ते आपल्या गावाबाहेरच्या या गायरानाचं. तिथून निघताना गाडी सुरू करायला मला वेळ लागला.

या बँडच्या नावानावांत विमानं का आहेत हे तिथे गेल्यावर कळतं. 'प्रोपेलर', 'स्टॅटिक एअरप्लेन जाइव्ह', 'नॉट इन माय एअरफोर्स'. शंभर गाण्यांची 'सूटकेस' आली तिच्या उपशीर्षकातही मोडकी विमानं आहेत. डेटनमध्ये मान वर केली की विमान दिसतंच.

चौथी_ब | सोमवार, सकाळी ८.४०

गुरं हाकायची अट! हे उद्या वर्गात सांगणार.

ताणाबाणा | सोमवार, दुपारी ३.३०

दुपारच्या सुट्टीत लिहितोय, मागं मागांचा खडखडाट चालू आहे.

इचलकरंजीच्या माणसाने 'वॉर्प अँड वूफ' सोडून दुसऱ्या कशाला मत दिलं तर घरात घेणार नाहीत. वॉर्प म्हणजे ताणा, वूफ म्हणजे बाणा. उभा धागा नि आडवा धागा. मी नाव बघूनच ऐकला होता, २०१९ला आला तेव्हा. त्याच्या आधी हा बँड मला ठाऊकच नव्हता.

२४ गाणी, ३७ मिनिटं. बँड दौऱ्यावर होता तेव्हा केलेला आहे. कार्यक्रमाआधी आवाज तपासायला माइक लावतात त्या वेळात, हॉटेलच्या खोलीत, काही तर चालत्या गाडीत. पासष्टीकडे झुकलेला माणूस नि त्याचे साथीदार, आणि एक मिनिट मोकळं मिळालं की तेवढ्यात एक गाणं. माग बंद ठेवून चालत नाही हे आमच्याकडं पोराटोरांना कळतं. लाइट गेली तरी आमचे आण्णा मागापाशी बसून तुटलेले धागे सांधत राहायचे, लाइट आल्याबरोबर खटका दाबता आला पाहिजे म्हणून.

जुने अल्बम मी नंतर ऐकले, तेही भारी आहेत. पण लोक म्हणतात की या बँडचं चांगलं काम तीस वर्षांपूर्वी झालं नि आता नुसता रतीब चाललाय, ते मला अजिबात पटत नाही. २०२२चा 'ट्रेम्बलर्स अँड गॉगल्स बाय रँक' ऐका. त्यावर लांब लांब गाणी आहेत, वळणं घेत जाणारी. 'ॲलेक्स बेल' हे नाव बिग स्टार या जुन्या बँडच्या दोघांचं मिळून केलंय, ॲलेक्स चिल्टन नि क्रिस बेल. आपल्याला ज्यांनी घडवलं त्यांची आठवण या वयात असं गाणं करून काढायची, याला मी मानतो.

रातवा | सोमवार, संध्याकाळी ६.००

ताणाबाणादादा, नव्या अल्बमांत जीव आहे हे मान्य. पण २४ गाण्यांतली किती तुमच्या मनात रुतली आहेत? मला 'टॉनिक्स'मधली डोळे मिटून म्हणता येतात. नव्यांतली ऐकताना छान वाटतात आणि पुढचा अल्बम आला की पुसली जातात. संख्या हीच त्यांची अडचण झाली आहे असं मला खरंच वाटतं.

ताणाबाणा | सोमवार, संध्याकाळी ७.१०

सहा. सहा रुतलीत, ताई. एका वर्षात तीन अल्बम, म्हणजे वर्षाला सहा-सहा तिरीक अठरा. वर्षाला अठरा गाणी मनात रुतवणारा दुसरा कोण आहे सांगा.

फीतवेडा | सोमवार, संध्याकाळी ७.३०

पोलार्ड आणि गिलार्ड यांचा 'स्पीक काइंडली ऑफ युअर व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंट' (१९९९) सुचवणारे दोन व्यक्तिगत निरोप आले. सगळी वाद्यं गिलार्डने वाजवून दिली आणि पोलार्डने त्यावर गायलं, असा अफलातून अल्बम आहे. पण तो बँडच्या नावावर नाही, म्हणून या धाग्यात धरत नाही.

ओहायोतला_पाऊस | सोमवार, रात्री ८.०५

इथे मी कडाडून असहमत. माणसं तीच, गावठाण तेच, नुसता फलक वेगळा. 'प्लीज बी ऑनेस्ट'वर (२०१६) पोलार्डने सगळी वाद्यं एकट्याने वाजवली आणि तो मात्र बँडचा अल्बम. मग नावावर किती विसंबायचं? 'स्पीक काइंडली'वरचं 'पॉप झ्यूस' एकदा ऐका आणि मग फेरविचार करा, भाऊ.

फीतवेडा | सोमवार, रात्री ८.२०

'पॉप झ्यूस' पाठ आहे, आणि म्हणूनच त्या अल्बमाला स्वतःचा धागा मिळायला हवा. तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा.

नवा_गडी | सोमवार, रात्री १०.५०

मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा तिघांचा बँड आहे आणि रेकॉर्डिंगला पैसे नाहीत म्हणून आम्ही वर्षभर थांबलोय. हा धागा दोनदा वाचला. यातलं एकही नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. कुठून सुरू करू?

फीतवेडा | सोमवार, रात्री ११.१५

ये रे गड्या. २०२२मध्ये 'स्काल्पिंग द गुरू' नावाचा संग्रह आला, त्यात १९९३-९४च्या छोट्या तबकड्यांवरची निवडक गाणी एकत्र मिळतात. मूळ तबकड्या गोळा करायला मला बारा वर्षं लागली. एक तर परदेशातून मागवलेली, वाटेत कडेला दुमडून आली आणि सुई पहिल्या गाण्यावर टिकेचना. तुला ते सगळं एका संध्याकाळी ऐकता येईल.

मग 'द ग्रँड अवर' ही १९९३ची ईपी. सहा गाणी, ओबडधोबड. त्यातल्या एका गाण्याचं नाव 'बी थाउजंड' आणि दुसऱ्याचं 'एलियन लेन्स'. पुढे ज्या दोन अल्बमांनी बँडला जगभर नेलं त्यांची नावं आधीच इथे गाण्यांना देऊन झाली होती. तिच्यावरचं 'शॉकर इन ग्लूमटाउन' हे डेटनच्याच किम डीलच्या ब्रीडर्स या बँडने १९९४मध्ये स्वतः वाजवलं.

आणि 'एलियन लेन्स'च्या मुद्रणाला टेपच्या किमतीएवढाच, म्हणजे दहा डॉलर खर्च आला असं सांगतात. तुमच्या तिघांकडे एक फोन असेलच ना?

जुनी_तबकडी | मंगळवार, सकाळी ६.५०

कालचा दिवस तुम्ही सुचवलेलं ऐकण्यात घालवला. सगळं क्रमाने ऐकलं, चहाच्या कपाशेजारी कागद-पेन्सिल घेऊन.

चौथी_ब, ओवीचा मुद्दा मला रात्रभर सोडेना. आई दळताना ओव्या म्हणायची, आम्ही तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. त्या मला कधी तोकड्या वाटल्या नाहीत. पण आई चूक राहू देत नसे. शब्द चुकला तर पुढच्या फेऱ्याला तीच ओवी सुधारून पुन्हा म्हणायची. म्हणून 'गिटार गायब झाली आणि राहू दिली' हे मला अजूनही पटलेलं नाही, आणि 'टायगरबॉम्ब'विषयीचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

तरी एक गाणं असं निघालं ज्यापुढे माझं काही चाललं नाही. ते कुणीच सुचवलेलं नव्हतं. 'सनफिश होली ब्रेकफस्ट' ही १९९६ची ईपी, तिच्यावरचं 'इफ वी वेट'. वाट बघण्याविषयी आहे. त्याची चाल मला हवी तशी पुरी होते, वर जाते, आणि मुद्रण मात्र तुमच्या आवडीचं, मळकट. पहिल्यांदा ऐकल्यावर मी ते परत लावलं, मग परत. सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, हे कुणाचं? चौथ्या वेळी ती बाहेर येऊन बसली.

या धाग्यात माझं दुसरं मत त्या ईपीला नोंदवा.

रातवा | मंगळवार, सकाळी ७.२०

काका, आता आज रात्री 'टॉनिक्स'. काकूंना घेऊन बसा.

नवा_गडी | मंगळवार, रात्री ९.३५

आम्ही होस्टेलच्या गच्चीवर चार गाणी रेकॉर्ड केली. एका फोनवर, माइक म्हणून दुसऱ्याचा हेडफोन. तिसऱ्यात खालून दूधवाल्याची फटफटी जाते. परत करणार होतो, पण तोवर पाचवं सुचलं.